नॉर्मल माणसाची टेस्ट केस

"हा बग खोटा निघाला ना ज्योती, तर तू उद्यापासून बेंचवर," मंदार सर म्हणाले. बेंच म्हणजे हाताला प्रोजेक्ट नसलेल्यांची रांग. तिथून काही जण परत कामाला लागत, काही जण घरी जात.

मी मात्र जाम खुशीत होते. रिलीजच्या सकाळी मी शोस्टॉपर पकडला होता! शोस्टॉपर म्हणजे असा बग, जो सुटेपर्यंत सॉफ्टवेअर ग्राहकाला देता येत नाही. मी टेस्टर. दुसऱ्यांनी बनवलेलं मोडून दाखवायचं आणि त्याचाच पगार घ्यायचा. याहून मजेचं काम मला आजही माहीत नाही.

ही गोष्ट हिंजवडीतली, दोन हजार सातच्या सुमाराची. आमच्या ग्राहक होत्या एक मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर. त्यांचं सॉफ्टवेअर मोठ्या माणसांना प्रश्न विचारायचं. गर्दीचा त्रास होतो का, बोलण्यातली खोच कळते का, वगैरे. उत्तरांवरून ऑटिझमची शक्यता वाटली, तर पडद्यावर यायचं, 'तज्ज्ञांना भेटा'. नाहीतर, 'गरज नाही'.

रचलेल्या उत्तरांच्या सगळ्या टेस्ट केस पास झाल्या होत्या. एकच उरली होती, नॉर्मल माणसाची. ती तरी खऱ्या माणसाची असावी असं मला वाटलं. हाताशी मीच होते. प्रामाणिकपणे उत्तरं भरली. 'तज्ज्ञांना भेटा'. पुन्हा भरली. तेच. मशीन बदललं. तेच! मी बग नोंदवला: सॉफ्टवेअर नॉर्मल माणसालाही तज्ज्ञांकडे पाठवते.

सरांनी डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"ही उत्तरं कुणाची आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"नॉर्मल माणसाची," मी म्हणाले.

"कुठल्या?"

"माझी."

सरांनी आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरं," डॉक्टर म्हणाल्या, "कुणी तुम्हाला 'या कधीतरी जेवायला' म्हटलं, तर काय करता?"

"कधी, ते विचारते."

हे घडलेलंच होतं, तेही मी सांगून टाकलं. हिंजवडीजवळच्या जांबे गावात मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे, त्या मावशी मला असं म्हणाल्या होत्या. मी लगेच विचारलं, "कधी?" त्या गडबडल्या. "आगं, आसं म्हणायचं आसतं." मला वाटलं, बेत रद्द झाला.

हे ऐकून सर खो-खो हसले. डॉक्टर हसल्या नाहीत.

"प्रोग्रॅम बरोबर चाललाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऑटिस्टिक आहात असं तो म्हणत नाही, आणि फोनवरून मीही म्हणणार नाही. नीट तपासून घ्या, एवढंच. आणि तो 'नॉर्मल' शब्द काढा. आम्ही न्यूरोटिपिकल म्हणतो. बहुतेकांच्या मेंदूची असते तशी ठेवण. बाकीचे काही बिघडलेले नसतात."

मी बहुधा घाबरायला हवं होतं. मला तर नाचावंसं वाटत होतं! शिष्ट, तुसडी, आगाऊ, सगळी विशेषणं लावून झाली होती. मीही कित्येक वर्षं स्वतःत बग शोधत होते आणि तो सापडत नव्हता. आज पहिल्यांदाच कुणीतरी नेमके प्रश्न विचारले होते.

फोन ठेवताच मी सरांना गाठलं. "सर, कँटीनमधला ताटांचा आवाज तुम्हाला टोचत नाही?"

"कुठला आवाज?"

"आणि ट्यूबलाइटचा?"

"ट्यूबलाइटला आवाज असतो?"

"असतो!" मी टुणकन उठलेच. "लिफ्टमध्ये कुणी 'काय, कसं काय?' विचारलं, तर तुम्ही खरं उत्तर देता?"

"अगं, कोण देतं?"

"मी!"

मग मला आठवलं.

"बग खोटा निघाला. म्हणजे उद्यापासून मी बेंचवर ना? माझं मशीन कुणाकडे द्यायचं?"

त्यांनी कपाळाला हात लावला. "ज्योती, ते रागात म्हणतात तसं. तू कुठेही जात नाहीयेस. लेखी देऊ का आता?"

"हो," मी म्हणाले.

दिलं त्यांनी, मेलवर. त्यानंतर ते माझ्याशी जे बोलायचे, ते सरळच बोलायचे.

संध्याकाळी मावशींना सांगितलं, माझं डोकं बहुतेक इतरांपेक्षा वेगळं चालतं.

"त्ये व्हय? त्ये तर आमाला कवाच ठावं हाय," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी पुढे सांगितलं, "गुरवारी राती आठला जेवाया ये. पिठलं करणार हाय. खरंच ये."

मी गेले. आठला.

मोठ्या माणसांचा ऑटिझम तपासणारं कुणी तेव्हा सहज सापडायचं नाही. मला त्यात बराच काळ गेला. शेवटी एका तज्ज्ञांनी 'हो' म्हटलं, तेव्हा मी त्यांचे आभार मानले आणि वाटेत स्वतःला आइस्क्रीम घेतलं. तो बग तर मी फोन झाला त्याच दुपारी बंद केला होता. शेरा लिहिला, 'वर्क्स ॲज डिझाइन्ड'. आमच्या धंद्यात याचा अर्थ, जसं बनवलंय तसंच चालतंय.

हल्ली नवे टेस्टर माझ्या हाताखाली येतात. त्यांच्यापैकी कुणी 'नॉर्मल माणूस' अशी टेस्ट केस लिहिली, की मी एकच प्रश्न विचारते.

"कुठला?"