अर्ध्या नदीतला बैल

रुपीबाईच्या गळ्याला तांड्यात तोड नव्हती, आणि तोंडालाही नव्हती. पुसदच्या बाजारात ती भाव करायला उभी राहिली की भाजीवाला आपणहून मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, वर टाकायचा, "घे माय, पन आता चूप बस." हा झाला तोंडाचा प्रताप. गळ्याचं निराळं. सासरी निघालेली बंजाऱ्याची पोर ढावलो गाते. म्हणजे एकेकीच्या गळ्यात पडून, शब्द जुळवत, सुरात रडते. आणि जिच्या गळ्यात पडते तिनं तसंच गाऊन उत्तर द्यायचं असतं. वैरीण असली तरी पोरीला बिनउत्तराची सोडायची नाही. तांड्यातल्या पोरींना हे शिकवायचं काम रुपीबाईचं. तिच्या हाताखालची पोर रडायला लागली की डीजेवाला पोट्टाही नाक पुसायचा.

मग एकदा बाजारातून परतताना तिला एका प्रार्थनाघरातून गाणं ऐकू आलं. गाण्यापायी ती आत गेली आणि त्यातल्या शब्दांपायी राहिली. येशूवर विश्वास ठेवून तिनं पूस नदीत बाप्तिस्मा घेतला. तिच्यासोबत धाकटा दीर भावसिंगही पाण्यात उतरला. दर रविवारी तिच्या पडवीत चारदोन माणसं जमायची, ती गायची आणि भावसिंग ढोलकी धरायचा. नवरा धावजी काही पाण्यात उतरला नाही. "तुह्यं तू पाह्य, मले चहा टायमावर पाह्यजे," एवढीच त्याची अट.

तांड्यानं तिला वाळीत टाकलं असं मात्र कुणी म्हणू नये. पाण्याला, कापूस वेचायला, दुखल्याखुपल्याला ती सगळ्यांत होती. फक्त लग्नात गायचं बोलावणं बंद झालं. देवीच्या भोगाला, निखाऱ्यावर टाकायच्या नैवेद्याला, जी हात लावत नाही तिचा ढावलो कसा चालंल? "नाही तं नाही, माह्यं काय अडलं?" रुपीबाई म्हणायची. साफ खोटं! मांडवात कुणी सूर धरला की ही घरात भांडी आदळायची. शिव्या दिल्या असत्या तर तिनं दामदुपटीनं परत केल्या असत्या, पण विचारतच कुणी नाही म्हटल्यावर भांडायचं कोणाशी? ते तिला आतून खात होतं.

भावसिंगचं तर मधेच फिरलं. भावकीचं मन राखायला म्हणून एकदाच भोग लावून आला. पुढच्या सणाला पुन्हा. मग पडवीतलं येणं थांबलं, आणि भोजाई, म्हणजे वहिनी, समोरून दिसली की गडी रस्ता बदलू लागला.

यंदा तांड्याचा नायक डोंगरसिंग याच्या लेकीचं, ममताचं लग्न निघालं. तिची आई मथुराबाई रुपीबाईच्या दारात येऊन बसली.

"रुपी, माही लेक मुकी जाईन का व सासरी? या पोट्ट्यायले एक ओळ येत नाही. तू ये."

रुपीबाईला रडूच फुटायचं राहिलं होतं.

"पन," मथुराबाई पदराशी चाळा करत म्हणाली, "नायक म्हनते, निघायच्या येळी एक घास भोगात टाकजो. एकच. मंग तू आमची, आमी तुह्ये."

रुपीबाईनं सूप ओढलं आणि निवडलेली ज्वारी पुन्हा निवडायला घेतली. एरवी तिनं तिथंच भांडण काढलं असतं, हे लक्षण वाईट! "पोरीले शिकवीन मी," ती शेवटी म्हणाली. "भोगाचं पाहू."

शिकवण्याचे ते दिवस तिचे फार सुखाचे गेले. ममताचा गळा गोड होता, रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून ऐकायच्या, "आमची रुपी आली व परत," म्हणायच्या. आणि घरी प्रार्थनेला बसली की रुपीबाई पावसापाण्याचं मागायची, धावजीच्या गुडघ्याचं मागायची, साऱ्या जगाचं मागायची; भोगाचा विषय तेवढा काढायची नाही.

लग्नाच्या दिवशी तिनं पेटीतली फेट्या-कांचळी, आरशांचा जुना घागरा-चोळी, काढून नेसली. आरसे उन्हात लखलखले. निरोपाची वेळ झाली, मांडवात निखारे ठेवले, तूप पडलं, धूर उठला. शिऱ्याचं पान तिच्या हातात द्यायला नेमका भावसिंगच पुढं झाला.

"घे भोजाई. हत्ती गेला, आता शेपटाले काहून अडवतं? मले पाह्य ना. टाकला घास. काही झालं का मले?"

रुपीबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. धडधाकट होता गडी. गालही वर आले होते.

"मंग ढोलकी काहून बंद हाये तुही?"

पान तिच्या हातात टेकवून भावसिंग निखारे सारखे करू लागला.

रुपीबाईला आपली आजी आठवली. आजीच्या वडिलांनी बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातलेला. आजी सांगायची, काठावरचा बैल बुडत नाही, पार गेलेला बुडत नाही, अर्ध्या नदीतून मागं वळतो तो बुडतो. आज आजीचा शब्द न् शब्द खरा दिसला तिला, आणि स्वतःची भीतीही वाटली. किती जवळ आलो होतो आपण!

तिनं पान परत दिलं. "नायक, तुमच्या देवीचा अपमान नाही करून राह्यली मी. पन मी येशूच्या नावानं पान्यात उतरली हाये. मधून वळत नाही. लेकीले माहा आशीर्वाद." आणि ती मांडवाबाहेर पडली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण मान ताठ होती.

चार पावलं गेली नसेल तोच मागून बांगड्या वाजल्या. घुंगट सावरत ममता धावत आली, भर रस्त्यात तिच्या गळ्यात पडली आणि तिनं ढावलो सुरू केला. "काकी..."

नायक अर्धा उठला आणि परत बसला. करतो काय? नवरीच्या ढावल्याला उत्तर द्यायचंच, हा तांड्याचाच कायदा. तो मोडायला तोही धजला नाही.

रुपीबाईनं गळा सोडला. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं त्या सुरात आलं. वाट लांबची हाये बाई, पानी खोल हाये, ज्याचा हात धरून उतरली त्याचा हात सोडू नको, मधून वळलेला बैल काठाले लागत नाही. पोरीला वाटलं, सासरचं सांगते. मथुराबाईलाही तसंच वाटलं, ती हमसून रडत होती. नायकानं पटक्याचं टोक डोळ्याला लावलं.

जेवायला थांब असं मात्र तिला कुणी म्हटलं नाही. रुपीबाई घरी आली, फेट्या-कांचळी उतरवून लुगडं नेसली आणि भाकरी थापायला बसली. गळा बसला होता, पण मन भरलं होतं.

दिवस कलताना दारात भावसिंग उभा. आत येईना, परतही जाईना.

"भोजाई, गान्यातला तो बैल... मधून वळला तं बुडतेच का तो?"

रुपीबाईनं तव्यावरची भाकर उलटली. त्याच्याकडं न बघताच म्हणाली, "मुंडकं पान्यावर हाये तवरोक नाही बुडत. पन लय येळ पोहता येत नाही, भावसिंग. पुन्हा वळा लागते."

तो खाली मान घालून उभाच राहिला.

"खांबासारखा उभा काहून? घरी जाय, ढोलकी काढ. चामडं सैल पडलं असंल, सकाळी उन्हात ठेवजो. रविवार हाये उद्या."