धुरपदाबाईंची शिंपल्याची माळ

पिंप्राळ्याच्या धुरपदाबाई चाळीस वर्षं दागिने ओवत आल्या. जळगावच्या सराफांकडे जुना दागिना मोडीत आला की सोनं काट्यावर जातं आणि त्यात बसवलेल्या शिंपल्याच्या चकत्या केरात. याचा बाईंना भयंकर राग. त्या केरातून चकत्या वेचून आणायच्या आणि पाण्यात धरून हाताने भोक पाडायच्या, कारण कोरडा शिंपला तडकतो. कडा घासताना उडणाऱ्या भुकटीने खोकून खोकून जीव नकोसा व्हायचा. तरी एका हिवाळ्यात त्यांनी सत्तावीस चकत्यांची माळ केली, नक्षी स्वतःच्या डोक्यातली. जुने दागिने जमवणारा धुळ्याचा भूपेंद्र ती विकत घेऊन गेला.

मागच्या महिन्यात त्याच्या प्रदर्शनाचा फोटो पेपरात आला. मधोमध यांचीच माळ! बाई इतक्या हरखल्या, की ठेवणीतलं लुगडं नेसून त्यांनी धुळ्याची एसटी धरली.

माळ काचेच्या पेटीत होती. खाली चिठ्ठी : ‘सुमारे शंभर वर्षांपूर्वीची. कारागीर अज्ञात.’

चिठ्ठी चुकून लागली असेल, असं त्यांना आधी वाटलं. मग त्यांनी शेवटची गाठ पाहिली. बाई डावखुऱ्या, त्यांची गाठ उलटी पडते. माळ त्यांचीच होती. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारी दोघं जण ‘त्या काळच्या’ लोकांच्या हातातल्या कसबाचं कौतुक करत होते, आणि तो हात तिथेच मूठ आवळून उभा होता.

‘‘भूपेंद्र, हाई माळ मन्हा हातनी शे. मी काय मरी गयी का?’’

भूपेंद्रने त्यांना बाजूला ओढलं. ‘‘अक्का, हळू बोला. तुमचं नाव लिहिलं तर माळ नवी ठरते. लोक जुन्यासाठी येतात. तुम्हाला पैसे मिळाले ना?’’

पैसे मिळाले होते. तेच तर! पैसे टाकले की बाई मेली म्हणायला मोकळे? त्यांचा आवाज मात्र एकदम मऊ झाला.

‘‘गाठ ढिली दिसस. काढ भाईर, आवळी देस.’’

भूपेंद्रने सुटकेचा निःश्वास टाकत पेटी उघडली. बाईंनी माळ हातात घेतली, गाठीचं एक टोक दातात धरलं आणि दोरा सर्रकन ओढून काढला. सत्तावीस चकत्या टेबलावर पसरल्या.

‘‘अक्का! उद्या मुंबईचे पाहुणे येताहेत! पुन्हा ओवून द्या, पाया पडतो.’’

धुरपदाबाईंनी दोरा गुंडाळून कमरेला खोचला.

‘‘मन्हा पाया कशाले पडस? तुन्हा अज्ञात कारागिरले बलाव.’’