मालनबाईंची घंटी

साहेबराव बदनापूर स्टेशनात पॉइंट्समन होते. निवृत्तीनंतर त्यांनी माडीवर मोठ्या टेबलावर छोटे रूळ टाकून बदनापूर ते जालना मांडलं. जालन्याकडच्या टोकाला पत्नी मालनबाई बसत. रूळ मोकळा असल्याची घंटी त्यांनी दिल्याशिवाय साहेबराव गाडी सोडत नसत, आणि मालनबाई मुद्दाम ताटकळत ठेवत.

"भाजी निवडून राह्यले. गाडीला म्हणावं, दम धर."

गेल्या वर्षी मालनबाई वारल्या आणि माडीला कुलूप लागलं. मुलगी मोनाली सुट्टीवर आली, तेव्हा माडी उघडून बाबांसाठी तिनं दोन्ही स्टेशनांच्या कामाचा क्रम संगणकात लिहून एका बटणावर बसवला. बटण दाबताच घंटी वाजली, सिग्नल पडला, गाडी सुटली.

"बराबर चाललं ना, बाबा?"

"बराबर हाय. पण तुझी आई इतक्या जल्दी घंटी देत नव्हती. जरा थांबव."

"थांबवते की. किती सेकंद टाकू?"

साहेबराव आठवू लागले. मालनबाई घंटी अडवून ठेवत, कधी गप्पांना आलेली शेजारीण उठून जाईपर्यंत, कधी नुसतं त्यांना चिडवायला.

"आकडा न्हाई सांगता येत, पोरी."

मोनालीनं घंटीच्या सेकंदांचा रकाना कोराच सोडला. गाडी घंटीची वाट बघत बदनापुरात उभी राहिली.