भिंतीवरून पडलेला चोर

“काल सुटला हुता की त्यो! काल सुटला हुता!”

तंबूत बायकांच्या बाजूला एक म्हातारी उभी राहून ओरडत होती. आवाज असा, की गिरणीच्या भोंग्यानं लाजून गप्प बसावं. पडद्यावर आमचा चोर तुरुंगाच्या भिंतीखाली गोळी लागून पडला होता.

मी पडद्याशेजारी छडी घेऊन उभा. तेव्हा चित्रं मुकी होती आणि सोलापुरात त्यांची जीभ म्हणजे मी. इंग्रजी पाटी आली की मराठीत गोष्ट, कानडीत शिवी, तेलुगूत विनवणी आणि दखनीत शेर. पाटीवर दोन शब्द असले तर मी दोनशे सांगे. इंग्रजी मला येत नसे, म्हणून माझं काही अडतही नसे.

हा चोर परक्या मुलखातल्या तुरुंगात सापडलेला. कुठला मुलूख ते मला आजही ठाऊक नाही. मी त्याला रोज नवा मुलूख देई. पहारेकरी राक्षस, भाकरी दगड, आणि हा गडी चाबूक खाऊन हसायचा. शेवटच्या रिळात तो भिंत चढतो, आणि माथ्यावर पोचताच गोळी खाऊन खाली येतो. हे मरण सोलापूरला मानवणार नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं. गडी भिंतीच्या माथ्यावर पोचला की आम्ही दिवा मालवायचो आणि मी आरोळी ठोकायचो, “सुटला!” गावातली कितीतरी पोरं तेव्हा तिरंगा झेंडा लावल्यापायी तुरुंगात होती. म्हातारीचा मुलगाही त्यांतलाच. ती रोज यायची, चोर सुटलेला बघायची आणि निवांत मनानं विड्या वळायला घरी जायची.

बातमी फौजदारसाहेबांना लागली. म्हातारी ओरडली त्या दिवशी ते खेळाआधीच पहिल्या खुर्चीत येऊन बसले. “खेळ पुरा दाखवायचा. मेला तर मेलेला दिसला पाहिजे, आणि ‘मेला’ असं तू तोंडानं म्हणायचं. नाहीतर उद्या तंबूच्या खुंट्या मी उपटतो.” तंबू गेला तर माझी जीभ विकत घेणारं दुसरं दुकान गावात नव्हतं.

“बोल आता!” चोर पडताच साहेबांनी दम भरला.

“ए बाबा, सांग की! खोटं हाय न्हवं हे?” म्हातारी.

मोहोळच्या बाजारात आंधळ्याला आरसा विकून वर पुसायला फडकं विकणारा मी, पण ‘मेला’ हा एक शब्द ओल्या पिठासारखा टाळ्याला चिकटला.

तेवढ्यात मशीनचा आवाज बदलला. हँडल फिरवणारा आमचा माणूस दिवसा हातमागावर साड्या विणायचा, घरी तेलुगू बोलायचा आणि बाहेर शक्यतो बोलायचाच नाही. त्यानं हँडल उलटं फिरवलं. खाली टोपलीत पडलेली चित्राची पट्टी सरसर वर चढली आणि मेलेला चोर उठला! उठला तो थेट हवेतून भिंतीच्या माथ्यावर. धूर बंदुकीत परत शिरला. पहारेकरी मागच्या मागे पळत सुटले.

माझी जीभ मोकळी झाली. “बघा, बघा! गोळी शरमून माघारी गेली! पहारेकरी तोंड आपल्याकडं ठेवून पळाले!” तंबू असा उसळला, की शिट्ट्या ऐकून करमाळ्यात बैलांनी दावी तोडली. खोटं वाटत असेल तर करमाळ्यात विचारा. गडी भिंतीवर ताठ बसला, आणि तिथंच दिवा मालवला. अंधारात मी असा ओरडलो, की आजही माझा घसा त्या जागी खरखरतो, “सुटला!”

म्हातारीनं डोईवर पदर घेतला आणि खाली बसली.

कंदील आले. फौजदारसाहेब खुर्ची उलथवून मशीनपाशी गेले. “हा तंबू उद्या हितं दिसणार नाही! पण आधी सांग, मेलेला माणूस उठवायला तुला कुणी शिकवलं?”

आमच्या माणसानं हँडल पुसलं.

“सूत तुटलं की आमी उलटं घेतो, साहेब. मग सांधतो.”