वर न आलेले : एक

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्यानंतरच्या वर्षांत मी खाणीच्या ऑफिसात कम्प्यूटरवर बसायचो. भंडाऱ्याला एसटीनं जाऊन-येऊन पर्ल नावाची कम्प्यूटरची भाषा अर्धीमुर्धी शिकलो होतो, आणि ऐट मात्र पूर्ण शिकल्याची होती.

खाणीत उतरताना प्रत्येक जण आपला बिल्ला लॅम्परूममध्ये ठेवून दिवा घ्यायचा; पाळी सुटली की तिथून परत आलेल्या दिव्यांची चिठ्ठी यायची. ती टाइप केली की माझा प्रोग्राम खाली कोण राहिलं त्यांची नावं छापायचा. पुढं साहेबांना बरं दिसावं म्हणून मी नावांच्या आधी ‘वर न आलेले’ हे शब्द जोडले, एका टिंबानं; पर्लमध्ये टिंब म्हणजे जोडायची खूण. तपासलं नाही. कंटाळा आला होता.

त्याच दुपारी कागदावर आलं : वर न आलेले १.

नाव नाहीच. पर्लमधली यादी एकटी छापायला दिली तर नावं सांगते. टिंबानं तिला वाक्याच्या शेपटीला बांधलं, की तिला वाटतं आपल्याकडून एकच उत्तर हवंय, मग ती नुसती किती ते सांगते. यादी तीच, विचारणं बदललं. पण हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की त्या पाळीत बाबा होते.

चिठ्ठी समोर पडली होती, ती बघायचंही सुचलं नाही. सुटलेलं पोट सावरत लॅम्परूमकडे धावलो. तिथल्या काकांनी चहा खाली ठेवला.

“काहून पळून राहिला बे?”

“काका, एक जण खाली आहे.”

“एक म्हंजे कोन?”

“ते नाही सांगत.”

“मंग सांगते तरी काय तुहा कम्प्यूटर?” त्यांनी फळीवर उरलेल्या एकुलत्या पितळी बिल्ल्याकडे बोट केलं. “तुहाच बाप आहे. गुडघा धरून बसला असंन कुठी. दोघं गेले आनाले.”

मी बिल्ल्याकडे बघत उभा राहिलो. बऱ्याच वेळानं बाबा दोघांच्या आधारानं लंगडत आले, दिवा दिला, बिल्ला खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी मी ते शब्द आणि टिंब, दोन्ही काढलं. संध्याकाळी बाबांनी विचारलं, “आता येते का नाव माहं?”

“येते, बाबा.”

“मंग उद्या खालून जरा उशिरा निंगतो. पाहू.”

मला हसू आलं नाही. ते रिटायर होईपर्यंत रोज, पाळी सुटली की, कागद कोरा निघायची वाट बघत मी प्रिंटरपाशी बसून राहिलो.