दम्मामला अडकलेली मॅच

माझी मुलगी तेरा वर्षांची असताना मी दम्मामच्या विमानतळावर एका सकाळी चार माणसांशी भांडले. आजही ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. लोक म्हणतात, तुमच्या नाकावरच राग असतो. असतो! नसता तर ही पोरगी टेनिस खेळलीच नसती.

आमचे हे चिपळूणजवळच्या लोट्याच्या केमिकल कंपनीतून सौदीतल्या जुबैलला आले, प्लँटमध्ये शिफ्ट इन्चार्ज म्हणून. वर्षभरात मी आणि मुलगी आलो. कंपनीच्या कॉलनीत टेनिस कोर्ट होतं, पण त्यावर पोरं सायकली चालवायची. मी ऑफिसात तीन वेळा जाऊन भांडले, तेव्हा कुठे नेट लागलं. कोच कोण, तर यांच्याच प्लँटमधला एक फिलिपिनो टेक्निशियन, कॉलेजात खेळलेला. उन्हाळ्यात पहाटेची, फजरची अजान झाली की आम्ही कोर्टवर. आधी मी वाळू झाडायची, मग तो शिकवायचा. दमट हवेने पहाटेसुद्धा पोरीचा टीशर्ट घामाने चिंब व्हायचा. वर कॉलनीतल्या बायका, “पोरगी काळी पडेल हो, उद्या लग्नाला त्रास!” मी म्हटलं, “पडू दे. तुम्ही क्रीम पाठवा, मी लावते तिला.” पुन्हा कोणी बोललं नाही.

बारा वर्षांची झाल्यावर ती कॉलनीतल्या पुरुषांना हरवायला लागली. मग दम्माम, खोबर, एकदा रियाध. जिंकायची, पण इथे जिंकून तिला पुढे वाट नव्हती. खेळात वर चढायचं तर आपल्याकडचं रँकिंग हवं, आणि त्यासाठी आपल्याकडे जाऊन खेळायला हवं. पुण्याच्या एका कोचना आम्ही तिचे व्हिडिओ पाठवले. त्यांनी फोन केला, “डिसेंबरात पुण्यात चौदा वर्षांखालची स्पर्धा आहे. तिला आणा. समोर बघतो आणि चांगली वाटली तर माझ्याकडे ठेवून घेतो. पुढच्या वर्षी ती या गटात बसणार नाही आणि मीही मोठ्या गटात नवीन पोरं घेत नाही.” म्हणजे एकच स्पर्धा, एकच संधी. पोरीने कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल पेनाने इतके गोल काढले की कागद फाटला.

आता सौदीतून बाहेर पडायचं म्हणजे नुसतं तिकीट पुरत नाही. बाहेर जाऊन परत येण्याचा व्हिसा लागतो, आणि बायकापोरांचा तो व्हिसा काढतो नवरा. त्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, आपण इथे राहतो, म्हणून सगळं त्याच्या फोनवर, त्याच्या सरकारी ॲपमध्ये. मी चाळिशीची बाई, चिपळुणात दहा वर्षं शाळेत शिकवलेलं, आणि माझ्या माहेरी जाण्याची किल्ली नवऱ्याच्या खिशात! या गोष्टीचा मला पहिल्या दिवसापासून संताप आहे आणि मरेपर्यंत राहील.

नोव्हेंबरात प्लँट दुरुस्तीसाठी बंद ठेवायचं शटडाऊन लागणार होतं. ते एकदा सुरू झालं की यांची बारा तासांची ड्युटी, फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचा, संध्याकाळपर्यंत माणूस मेला की जिवंत कळत नाही. म्हणून यांनी आधीच व्हिसा काढायला घेतला. मला विचारलं, “सिंगल काढू की मल्टिपल?” मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, “सिंगल काढा. आम्ही काय दहा वेळा जाणार आहोत?” व्हिसा आला, मी प्रिंट काढून पासपोर्टात ठेवली.

स्पर्धेच्या दोन आठवडे आधी शेजारचं हैदराबादी कुटुंब बहरीनला निघालं. त्यांचा मुलगा तिथल्या एका क्लबच्या स्पर्धेत खेळणार होता. ते म्हणाले, “चलिए ना भाभी, बच्ची का भी प्रॅक्टिस हो जाएगा.” गाडीने दोन-अडीच तासांचा रस्ता. हे ड्युटीवर. बहरीनचा व्हिसा शेजाऱ्यांनीच ऑनलाइन काढून दिला. म्हटलं, पुण्याआधी चार अनोळखी पोरींशी खेळून होईल, चला.

समुद्रावरच्या पुलावर गाड्यांची रांग लागली होती. पोरीने मागच्या सीटवर पासपोर्टातला कागद काढून वाचला. म्हणाली, “आई, यावर सिंगल लिहिलंय. म्हणजे वन टाइमच चालतं ना?”

मी म्हटलं, “तारीख वाच त्यावरची. फेब्रुवारीपर्यंत आहे. तू मॅचकडे लक्ष दे, मोठ्यांच्या भानगडीत पडू नकोस.”

ती म्हणाली, “बट आई...”

“एकदा सांगितलं ना!” मी अशी ओरडले की पुढच्या सीटवरच्या भाभी दचकल्या.

पासपोर्टच्या खिडकीवरच्या माणसाने शिक्का मारला, आम्ही गेलो. पोरगी तिथे तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या पोरीला हरवून आली. येताना तिने गाडीभर गाणी म्हटली.

दोन आठवड्यांनी दम्मामला बॅगा दिल्या, पासपोर्टच्या रांगेत उभे राहिलो. खिडकीत एक तरुण सौदी मुलगी होती, नकाबात नुसते डोळे दिसणारी. तिने स्क्रीन बघितला, पुन्हा बघितला. “सिस्टर, व्हिसा खलास. यू वेंट बहरीन.”

मी म्हटलं, “खलास कसा? फेब्रुवारीपर्यंत आहे!” ती शांतपणे म्हणाली, एकदा बाहेर जाऊन आलात, संपला. नवऱ्याला सांगा, फोनवरून पाच मिनिटांत नवा निघेल. पाच मिनिटं! नवऱ्याचा फोन लॉकरमध्ये आणि नवरा कुठल्याशा टाकीच्या आत! मी तिच्याशी भांडले. तिच्या साहेबाशी भांडले. विमान कंपनीच्या माणसाशी भांडले. प्लँटच्या गेटवर फोन करून तिथल्या सिक्युरिटीवाल्याला वाट्टेल ते बोलले, तो बिचारा “मॅडम, अंदर कोई नहीं जा सकता” एवढंच म्हणत राहिला. त्या खिडकीतल्या मुलीने आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. तिच्या त्या गोड बोलण्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

विमान गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुण्यात स्वतः हजर राहून सही केली नाही तर नाव कटणार होतं, आणि सुट्ट्यांमुळे सगळी विमानं भरलेली. पोरगी एकदाही रडली नाही. “मी म्हटलं होतं” असंही म्हणाली नाही. तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं, तिच्यावरही ओरडले असते.

संध्याकाळी हे घरी आले. फोनवर माझे बावीस मिस्ड कॉल बघून धावतच आले होते, पायात सेफ्टी शूज तसेच. त्यांना दारातच धरलं मी. “पोरीचं वाटोळं केलंत! आम्ही बहरीनला गेलो त्या दिवशी तुम्हाला बाहेर पडल्याचा मेसेज आला होता ना? मग व्हिसा संपला हे कळू नये? इन्चार्ज म्हणे! मल्टिपल काढायला काय हात मोडले होते?”

हो, हे शेवटचं वाक्यही मी बोलले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. “आपलं चुकलं” हे माझ्या ओठापर्यंत आलं होतं, पण दिवसभर दुसऱ्यांवर ओरडून झाल्यावर ते बाहेर निघेना. हे खुर्चीत बसले. डोळे तांबारलेले, अंगाला तेलाचा वास. म्हणाले, “मेसेज बघितला होता गं. झोपेत होतो, लक्षातच आलं नाही. मल्टिपलच काढायला हवा होता. माझीच चूक.” मग पोरीकडे वळून म्हणाले, “सॉरी, बाळा.”

पोरीने माझ्याकडे बघितलं. चांगली मिनिटभर बघत राहिली. मी कुकर लावायला आत गेले.

पुढचं सगळं वर्ष हे घरी येईल त्याला सांगायचे, “माझ्यामुळे पोरीची पुण्याची संधी गेली हो.” शटडाऊन नसलं की पहाटे तिच्याबरोबर कोर्टवर जायचे, वाळू झाडायचे, बॉल गोळा करायचे. माझं काम त्यांनी आपण होऊन घेतलं, शिक्षा भोगावी तसं. मला स्वतःची इतकी चीड यायची की मी त्यांच्यावरच आणखी खेकसायची.

पुढच्या डिसेंबरात तिला सोळाखालच्या स्पर्धेत नाव घालायला मिळालं. तोच कोच बघणार नव्हता, पण दुसरे बघणार होते. मी माझी बॅग काढली. पोरगी दारात येऊन उभी राहिली.

“तू पप्पांना सांगितलंस का?”

मी म्हटलं, “काय?”

“यू नो व्हॉट.”

मी बॅगेची चेन उघडायला लागले. ती म्हणाली, “मग पप्पा येतील माझ्याबरोबर.”

यांनी वर्षभर साठवलेली रजा टाकली. विमानतळावर रांगेत शिरण्याआधी पोरगी पुढे गेली, हे मागे वळले. खिशातून दोन कागद काढून मला दाखवले, परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे. “बघ, या वेळी दोघांचेही मल्टिपल काढलेत. माझी ती चूक पुन्हा नको.”

पोरगी रांगेतून माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, “पोचल्यावर फोन करा.”