आप्पांचं कचल

नाशिकच्या आमच्या कॉलनीत डिसेंबरात कोणी नर्सरीतून ख्रिसमस ट्री आणलं, की आप्पा कुंडीपाशी जाऊन ते निरखायचे आणि म्हणायचे, "हे ते नाय." ते म्हणजे कचल. काश्मीरमधले लोक स्प्रूस या सूचिपर्णी झाडाला कचल म्हणतात. फौजेत काश्मीरला असताना आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, त्या झाडावर जीव जडला तो कायमचा. पूर्वी मार्केट यार्डात सफरचंदं लाकडी पेट्यांतून यायची, तेव्हा ते रिकामी पेटी मागून आणायचे. पांढरट, वजनाला हलकी. "कचलची हाय," म्हणत तिच्यावरून हात फिरवायचे. आई तीत कांदे भरायची.

आईला त्या झाडाचं नाव काढलेलंही खपायचं नाही. माझा जन्म सिन्नरला, ऐन जानेवारीतला, आणि आप्पा घरी आले ते थेट उन्हाळ्यात. बर्फानं रस्ता बंद होता, असं ते सांगत. वर हेही सांगत की बर्फ कितीही पडो, कचलच्या बुडाशी कोरडं असतं, आम्ही तिथं चहा करायचो. "चहाला बरी सवड व्हती," आई म्हणायची. हे भांडण माझ्याच वयाचं.

मागे एका मे महिन्यात मी दोघांना काश्मीरला नेलं. आप्पांनी जागोजागी गाडी थांबवून ड्रायव्हरला वैताग आणला. देवदार नापास, त्याची सुईसारखी पानं झुपक्यानं येतात. फरचं झाड नापास, त्याची पानं चपटी आणि शंकू फांदीवर उभे. अखेर एका उतारावर ते थबकले. सुई तोडून त्यांनी चिमटीत फिरवली. तिला चार कडा होत्या, त्यामुळे ती सहज फिरली. लांबट शंकू खाली लोंबत होते. मी मान वर केली तर शेंडा दिसेना. एवढं सरळसोट, उंच झाड, आणि खालच्या फांद्या मात्र पदरासारख्या जमिनीपर्यंत सोडलेल्या. मला ते पाहताक्षणी आवडलं. आप्पांनी आयुष्यभर केलेलं कौतुक कमीच वाटलं.

तेवढ्यात पाऊस आला. आप्पांनी एक फांदी उचलून धरली आणि आम्ही दोघी वाकून आत शिरलो. बाहेर चांगली सर कोसळत होती, आत खरंच कोरडं. पायाखाली वाळक्या सुयांचा जाड थर होता. आई खोडाला टेकून बसली, हातानं जमीन चाचपून पाहिली. मग तिनं विचारलं, "अहो, पोरगी झाल्याचं तुम्हाला कुठं कळलं व्हतं?"

"अशाच झाडाखाली. पहाऱ्यावर व्हतो, वायरलेसवर निरोप आला."

"मग कोणाला सांगितलं?"

"कोणाला सांगणार? एकटाच व्हतो. झाडालाच सांगितलं, मुलगी झाली म्हणून."

आईनं सरकून आप्पांना शेजारी जागा करून दिली. पाऊस थांबला, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, तरी ती उठायला तयार नव्हती.